कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं, आता त्यांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 12 कोंबड्या आहेत, बहुतेक तीन वर्षांच्या पुढच्या, दोन-तीन नंतर आणलेल्या, पूर्वी रोज आठ-नऊ अंडी मिळायची, आता एखादं मिळतं आणि कधी तेही नाही, खाद्य मात्र तेवढंच लागतं. घरातलं एक माणूस म्हणतंय सगळ्या काढून टाका आणि नव्या आणा, मुलांनी नावं ठेवलीयेत त्यामुळे ती ऐकायला तयार नाहीत, आणि तुम्ही मधे अडकलाय. मी बरीच वर्षं अंड्यांसाठी कोंबड्या पाळतेय आणि हा प्रश्न पाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला वाटतं तुमचा खरा प्रॉब्लेम ठेवायच्या की काढायच्या हा नाहीये. तुम्हाला अजून हेच माहीत नाही की 12 पैकी कोणती देतेय, कोणती थांबलीय आणि कोणती आजारी आहे, आणि हे माहीत नसताना सगळ्या कळपाबद्दल एकच निर्णय घ्यायला निघालात म्हणून तो एवढा जड जातोय. दुसरी गोष्ट म्हणजे घरात हे कधी ठरलेलंच नाही की या कोंबड्या अंड्यांसाठी आहेत की घरातल्या आहेत. पहिल्याचं उत्तर हाताने तपासून मिळतं. दुसऱ्याचं मी देऊ शकत नाही, ते तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल, पण ठरवायला जे लागतं ते सांगते.

आधी वयाचं बघू. हायब्रीड कोंबडी साधारण 18 ते 22 आठवड्यांची झाली की अंड्यावर येते, गावरान जातीच्या बऱ्याचदा त्याहून उशिरा येतात. पहिलं वर्ष सगळ्यात भरघोस, त्यानंतर दर वर्षी ढोबळमानाने 10 ते 20 टक्के कमी होत जातं. ज्या जाती वर्षाला तीनशेच्या आसपास अंड्यांसाठीच तयार केल्यात त्या लवकर थकतात, दोन-अडीच वर्षांनंतर त्यांची घसरण जोरात असते, आणि ज्या सुरुवातीपासून बेताने देतात त्या चौथ्या-पाचव्या वर्षीही थोडं थोडं देत राहतात. म्हणून जात न सांगता तीन वर्षांची कोंबडी म्हातारी की नाही याचं एकच उत्तर नसतं. आणि कोंबडी जगते पाच ते आठ वर्षं, नीट सांभाळली तर त्याहून जास्तही, म्हणजे अंडी थांबल्यावरही तिचं बरंच आयुष्य शिल्लक असू शकतं, हे ठेवायचं ठरवणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. म्हातारपणाने अंडी अशी एका झटक्यात बंद होत नाहीत. कोंबडीच्या अंडाशयात हजारो बीजं जन्मापासूनच असतात, ती काही संपत नाहीत, पण वयाबरोबर एक पिवळा बलक पिकून दुसरा पिकायला लागणारा वेळ वाढत जातो. मग रोजचं अंडं दिवसाआड होतं, मग तीन-चार दिवसांनी, मग फक्त दिवस मोठे असताना. अंडं आकाराने मोठं होतं आणि कवच पातळ होत जातं. ही उतरण महिनोन्महिने चालते आणि प्रत्येकीची वेगळी असते. त्यामुळे नऊवरून एकावर जर दोन-चार आठवड्यांत आलं असेल तर मी वयाला दोष देण्याआधी दुसरं काहीतरी शोधेन, कारण सगळ्याजणी एकाच महिन्यात म्हाताऱ्या होत नाहीत.

दुसरं म्हणजे काय काय? पहिला नंबर पिसगळीचा. वर्षातून एकदा, बहुतेक वेळा दिवस लहान व्हायला लागले की, कोंबडी जुनी पिसं टाकून नवी आणते, मानेपासून सुरू होऊन शेवटी पंख आणि शेपटीपर्यंत. पिसात 80 टक्क्यांहून जास्त प्रोटीनच असतं, म्हणून शरीर सगळा माल तिकडे वळवतं आणि अंडी बंद. हे 8 ते 12 आठवडे चालतं, म्हाताऱ्या कोंबडीला जास्तही लागू शकतात. पिसं पूर्ण आल्यावर तीन वर्षांचीही पुन्हा अंड्यावर येते आणि त्या अंड्याचं कवचही आधीपेक्षा चांगलं असतं. म्हणून पिसगळीत असलेल्या कोंबडीबद्दल निर्णय घेऊ नका, अजिबात नाही, कारण त्या वेळी कळपातली सगळ्यात चांगली कोंबडीसुद्धा उपटून ठेवल्यासारखी दिसते आणि एक अंडं देत नाही.

मग उजेड. पूर्ण जोमात अंडी देण्यासाठी दिवसाला 14 ते 16 तास उजेड लागतो, तो कमी झाला की उत्पादन पडतं आणि म्हाताऱ्यांचं आधी पडतं. मग उन्हाळा, पारा 35 च्या पुढे गेला की कोंबडी धापा टाकते, कमी खाते, अंडी कमी आणि कवचं पातळ. पाणी तर लोक विसरूनच जातात, अंड्यात दोन-तृतीयांशाहून जास्त पाणीच असतं, भांडं अर्धा दिवस कोरडं राहिलं तर त्याचा फटका पुढचे काही दिवस दिसतो. खाद्यात घरचं उरलेलं अन्न आणि नुसतं धान्य वाढत गेलं असेल तर प्रोटीन कमी पडतं, अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 18 टक्के प्रोटीनचं खाद्य हवं. खुडूक कोंबडी, म्हणजे पिलं काढायला अंड्यांवर बसू पाहणारी, तर ओळखताच येते, खोक्यात चपटी होऊन बसते, हात नेला की फुगून गुरगुरते, पोटाखालची पिसं उपटलेली असतात, तिची अंडी त्या काळात बंदच.

आणि एक तपासणी रात्री करा. टॉर्च आणि पांढरं फडकं घ्या, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूने आणि दांडी जिथे भिंतीला टेकते त्या फटीतून फडकं दाबून फिरवा. फडक्यावर लाल रेघोट्या उमटल्या तर ते रक्त पिणारे बारीक किडे आहेत, दिवसा फटीत लपतात आणि रात्री वर चढतात, दिवसा कोंबडी उचलून पाहिली तर एकही सापडत नाही. असे किडे असलेल्या खुराड्यात तुरे फिके पडतात, अंडी बंद होतात आणि माणूस म्हणतो कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. अंगावरच्या उवाही बघा, शेपटीखाली पिसांच्या बुडाशी अंड्यांचे पांढरे पुंजके दिसतात. याशिवाय कुंपणाकडेच्या झुडपात, लाकडांच्या मागे नीट शोधा, मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या जागा बदलतात आणि एखाद्या आडोशाला ढीगभर अंडी सापडतात. खोक्यात ओलसर बलक किंवा कवचाचे तुकडे दिसले तर अंडी दिली जातायत पण खाल्ली जातायत.

हे सगळं तपासून झालं आणि तरी अंडी नाहीत, तर मग एकेक कोंबडी हातात घ्यायची. ही संध्याकाळी अंधार पडल्यावर करायची गोष्ट आहे, दांडीवर बसलेली कोंबडी शांत असते, पळापळ होत नाही. दोन्ही पंख अंगाशी धरून तिला काखेत घ्या, तोंड तुमच्या मागे आणि शेपूट पुढे. शेपटीच्या खाली, अंडं येतं त्या जागेच्या दोन बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं हाताला लागतात. त्या दोन टोकांमध्ये तुमची किती बोटं आडवी बसतात ते पहा. दोन-तीन बोटं सहज मावली, हाडं लवचिक लागली आणि पोट मऊ असलं तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट मावतं आणि टोकं ताठ, जाड लागतात तर ती सध्या देत नाही. मग शेपूट वर करून ती जागा बघा, देणाऱ्या कोंबडीची मोठी, ओलसर, फिकट आणि लांबट असते, न देणारीची छोटी, कोरडी, आवळलेली. तुरा लाल, भरलेला, हाताला उबदार की आक्रसून खवल्यांसारखा झालाय तेही पहा. पिवळ्या पायांची जात असेल तर अजून एक खूण मिळते: अंडी देताना अंगातला पिवळा रंग बलकात जातो, आधी अंड्याची जागा फिकी होते, मग डोळ्याभोवतीची कडा, मग चोच, आणि शेवटी पाय, आणि अंडी थांबली की त्याच क्रमाने रंग परत येतो. बाकीच्या कितीतरी महिने देत असताना एखादीचे पाय पिवळेधमक असले तर तिने बराच काळ काही दिलेलं नाही. काळ्या, करड्या किंवा पांढऱ्या पायांच्या जातीत ही खूण बघू नका, फसाल.

तरीही शंका असेल तर खायचा घट्ट रंग घ्या आणि संध्याकाळी प्रत्येकीच्या अंड्याच्या जागी वेगळा रंग थोडासा लावा, सकाळच्या अंड्यावर त्याची रेघ येते. एका वेळी तीन-चार जणींनाच लावा नाहीतर रंग कमी पडतात. एकदाच तपासून नाव कापू नका, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा बघा, आणि दोन्ही वेळा तसंच आढळलं, पिसगळ नाही, खुडूक नाही, उजेड पुरेसा आहे, तर ती खरोखर थांबलीय असं धरायला हरकत नाही. नाही म्हटलं तरी बहुतेक वेळा या तपासणीत 12 पैकी चार-पाच अजून देणाऱ्या निघतात.

आता तपासताना एखादीचं पोट फुगलेलं, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं लागलं, किंवा ती शेपूट खाली टाकून ताठ उभी चालतेय, तर ती म्हातारी म्हणून थांबलेली नाही, आजारी आहे. मोठ्या वयाच्या, भरपूर अंडी दिलेल्या कोंबड्यांत अंड्याचा बलक नळीत न जाता पोटात पडतो आणि तिथे इन्फेक्शन होतं, किंवा अंडाशयात गाठी होतात. अशी कोंबडी लगेच जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. बऱ्याचदा इलाज फारसा उरलेला नसतो आणि अशा वेळी डॉक्टरच्या हातून तिला शांतपणे सोडवणं हेच तिच्या भल्याचं असतं. तिचं मांस कोणी खायचं नाही आणि ती कोणाला द्यायचीही नाही. अनेकजणी एकदम आजारी पडल्या किंवा पटापट मरायला लागल्या तर हा वयाचा विषयच नाही, त्याच दिवशी डॉक्टरला कळवा.

आता उरल्या त्या धडधाकट पण थांबलेल्या. इथे हिशेब डोळ्यासमोर ठेवा म्हणजे घरातली भांडणं कमी होतात. एक कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते म्हणजे वर्षाला 40 किलो. ती 250 अंडी देत होती तेव्हा एका अंड्यामागे 160 ग्रॅम खाद्य पडत होतं, आता वर्षाला 60 देत असेल तर एका अंड्यामागे 650 ग्रॅमच्या वर जातं, आणि एकही देत नसेल तर ते 40 किलो निव्वळ तिच्या पालनपोषणाचे. हे 40 किलो घरात आनंदाने देणार असाल तर प्रश्नच मिटला, ती ठेवा, त्याचं स्पष्टीकरण कोणाला द्यायची गरज नाही. जमत नसेल तर तेही स्वच्छ मान्य करा. मला त्रास होतो तो तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे निर्णय कोणीच घेत नाही, मग हळूहळू खाद्य कमी टाकलं जातं, खुराडं साफ होत नाही, आणि कोंबड्या वर्षभर अर्धपोटी, किड्यांनी भरलेल्या अशा झिजत राहतात. तिला धारदार सुरीने एका क्षणात मारणं मला याच्यापेक्षा कितीतरी पटीने बरं वाटतं.

ठेवायच्या ठरल्या तर त्यांची देखभाल थोडी बदलते. अंड्यांवरच्या कोंबडीच्या फीडमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं कारण एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, पण जिला कवच बनवायचंच नाही तिच्या मूत्रपिंडावर ते वर्षानुवर्षं ताण टाकतं. एकाच खुराड्यात दोन्ही प्रकारच्या असतील तर सगळ्यांना कमी कॅल्शियमचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला लागतो ती खाते, बाकीच्या तोंड लावत नाहीत. दांड्या खाली घ्या, म्हातारी कोंबडी उंचावरून उडी मारून पाय दुखावून घेते. तळपायाला सूज किंवा काळी खपली आहे का अधूनमधून बघत जा. दाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवा म्हणजे तरण्या कोंबड्या तिला हुसकत नाहीत. चरबीही वाढू देऊ नका, दाणे-मका मूठभरच.

आणि म्हातारीचा उपयोग फक्त अंड्यात मोजू नका. ती किडे-गवत खाते, वाफे उकरते, खत देते. पण सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे जी मनापासून खुडूक बसते तिचा. 21 दिवस चिकाटीने अंड्यांवर बसून पिलं काढून त्यांना वाढवणारी अनुभवी कोंबडी माझ्या लेखी वर्षाला शंभर अंडी देणारीपेक्षा जास्त मोलाची आहे, अशी मी अंडी थांबल्यावरही ठेवतेच, अंडी दुसऱ्या कोंबड्यांची घालायची. फक्त तिच्या पोटाखाली जितकी मावतात तितकीच अंडी घाला.

कोणाला द्यायच्या असतील तर वय आणि अंडी थांबल्याचं स्पष्ट सांगून द्या, अजून देते असं सांगून म्हातारी गळ्यात मारायची नाही. घेणाऱ्याने तिला तीन-चार आठवडे आपल्या कळपापासून लांब ठेवायला हवं, तेही सांगा. आणि लांब नेऊन रानात सोडून देणं हा पर्याय धरूच नका. पाळीव कोंबडी बाहेर जगत नाही, रात्र पडली की तिला कोणीतरी फाडतं. सोडली असं म्हणून आपल्याला बरं वाटतं एवढंच.

खाण्यासाठी कापायच्या ठरल्या तर काही गोष्टी नीट करा. मागच्या काही आठवड्यांत कोणतंही औषध दिलं असेल तर ते अंगातून जायला किती दिवस लागतात ते डॉक्टरला विचारा, तेवढे दिवस थांबा. आदल्या रात्रीपासून आठ ते बारा तास खाद्य बंद, पाणी मात्र चालू ठेवा. पकडताना पाठलाग नको, रात्री दांडीवरून उचलून वेगळी ठेवा. काम माहीत असलेल्या माणसाकडूनच करून घ्या आणि स्वतः शिकायचं असेल तर त्याच्या शेजारी उभं राहून शिका, व्हिडिओ बघून पहिला हात मारू नका, कारण बोथट सुरी आणि घाबरलेला हात यांनी तिचे हाल होतात. बाकीच्या कोंबड्यांच्या डोळ्यांदेखत नको. मांस चिवट असतं कारण वयाने स्नायूंतले तंतू घट्ट होतात, म्हणून एक दिवस थंडीत ठेवून मग मंद आचेवर पाण्यात बराच वेळ शिजवा, घाईत भाजलं-परतलं तर चाववणार नाही. रस्सा मात्र कोवळ्या कोंबडीपेक्षा कितीतरी चांगला निघतो.

मुलांचं म्हणाल तर त्यांच्याशी खोटं बोलू नका. शाळेतून आल्यावर कोंबड्या गायब आणि कारण शेतावर गेल्या, हे मुलांना कळतंच आणि मग ती पुढच्या वेळी कशावरच विश्वास ठेवत नाहीत. त्यांना तपासणीत सामील करून घ्या, रंग लावायला तर ती उड्या मारत येतील. मग सगळ्यांनी मिळून ठरवा की नावं ठेवलेल्या अमुक दोन-तीन शेवटपर्यंत घरातल्या, त्यांना हात लावायचा नाही, आणि इथून पुढे येणाऱ्या अंड्यांच्या, त्यांना नावं नकोत. ही रेघ आधी आखली की मुलंही ती पाळतात, असं मी पाहिलंय.

तुमच्या जागी मी असते तर: किडे, उजेड, पाणी, खाद्य या आठवड्यात नीट करते, दोनदा हाताने तपासते, देणाऱ्या ठेवते, आजारी असतील त्या डॉक्टरला दाखवते, खुडूक बसणारी एक आणि मुलांच्या लाडक्या ठेवते, आणि उरलेल्या तीन-चार जणींचं एकाच दिवशी, नीट, करून टाकते. सगळ्या 12 एकदम काढून नव्या आणू नका, कारण मग तीन वर्षांनी तुम्ही पुन्हा याच जागी उभे असाल.

त्याऐवजी दर वर्षी तीन-चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणा. एकटी कधीच आणू नका, जुन्या तिला टोचून हैराण करतात. आणलेल्या तीन-चार आठवडे पूर्ण वेगळ्या, मग आठवडा-दोन आठवडे जाळीपलीकडे एकमेकींना दिसतील पण टोचता येणार नाही अशा, आणि मग एका रात्री दांडीवर शेजारी बसवायच्या. जागा मोजून घ्या, खुराड्यात एका कोंबडीला निदान तीन-चार चौरस फूट, तेवढी नसेल तर आधी कमी करा आणि मग आणा. आणि प्रत्येक वर्षीच्या तलंगांच्या पायात वेगळ्या रंगाची रिंग घाला, फार घट्ट नको, मग कोणती किती वर्षांची ते पाठ करावं लागत नाही, रिंग बघितली की कळतं आणि एका वेळी तीन-चारच कोंबड्यांबद्दल ठरवावं लागतं.